फवाऱ्याचे पाणी आणि नानांची गाडी



घटस्थापना जवळ आली की घरोघरी वाहने धुण्याची लगबग सुरू होते. खंडेनवमीला शस्त्रे, अवजारे आणि वाहने यांची पूजा करण्याची आपली रीत जुनी आहे. एके काळी संगमनेर परिसरात पोळ्याला बैल आणि दसऱ्याला बैलगाडी प्रवरेच्या पाण्यात धुतली जाई. आता बैलगाडीच्या जागी मोटार, स्कूटर आणि ट्रॅक्टर आले आहेत आणि नदीच्या जागी अंगणातील नळ आला आहे. अलीकडे त्या नळाला एक नवे यंत्र जोडले जाऊ लागले आहे. नाशिक–पुणे महामार्गालगतच्या वॉशिंग सेंटरवर दिसणारा पाण्याचा तो जोरदार फवारा आता घरच्या अंगणात आला आहे. दुकानदार त्याला ‘प्रेशर वॉशर’ म्हणतात.

या यंत्राविषयी आरोग्याच्या पाक्षिकात काय लिहायचे, असे कोणाला वाटेल. मलाही कदाचित तसेच वाटले असते. परंतु संगमनेरहून एका वाचक भगिनींचे पत्र आले आणि या वेळचा विषय ठरून गेला. त्या लिहितात :

“माझे सासरे, ज्यांना घरात सगळे नाना म्हणतात, ७४ वर्षांचे आहेत. त्यांना १६ वर्षांपासून मधुमेह आहे. हृदयाला स्टेंट बसवल्यापासून रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्याही चालू आहेत. आपली जुनी मोटार स्वतःच्या हातांनी धुणे हा त्यांचा रविवारचा नेम. गणपतीला पुण्याहून आलेल्या माझ्या दिरांनी त्यांना प्रेशर वॉशर भेट दिला. मागच्या एका रविवारी गाडी धुऊन झाल्यावर नानांनी चपलेला लागलेला चिखल काढण्यासाठी तोच फवारा पायाकडे वळवला. अंगठ्याजवळ काटा टोचल्यासारखा लाल ठिपका उमटला. रक्त फारसे आले नाही, दुखलेही नाही. मी हळद लावून पट्टी बांधली. दुसऱ्या दिवशी दुपारी पाहते तो पाऊल घोट्यापर्यंत सुजलेले. डॉक्टरांनी त्याच रात्री शस्त्रक्रिया करून आत शिरलेली माती आणि घाण पाणी काढले. पाय वाचला, पण ‘कालच का आणले नाही?’ हा डॉक्टरांचा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. आता घरात दोन पक्ष पडले आहेत. दीर म्हणतात, यंत्र विकून टाका. नाना म्हणतात, माझी गाडी मीच धुणार. मी काय करू?”

या भगिनींना आधी एवढेच सांगतो, की त्यांच्या जागी कोणीही असते तरी हळद लावून पट्टीच बांधली असती. ही जखम दिसायला इतकी क्षुल्लक असते, की ती भल्याभल्यांना फसवते. ती तशी का असते हे कळले, की पुढची सारी काळजी आपोआप सुचते.

पाण्याला धार येते ती दाबाने

पाण्याचा दाब ‘बार’ या एककात मोजतात. आपल्या भोवतीच्या हवेचा दाब सुमारे १ बार असतो. दुमजली घराच्या गच्चीवरील टाकीचे पाणी अंगणातल्या नळाशी पोचते, तेव्हा त्याचा दाब जेमतेम अर्धा ते एक बार भरतो. घरगुती प्रेशर वॉशर हेच पाणी बारीक छिद्रातून ८० ते १३० बार दाबाने बाहेर फेकतो, म्हणजे नळाच्या शंभरपट किंवा त्याहूनही अधिक. आणि अगदी जवळून धार लागली, तर माणसाची कातडी भेदण्यास साधारण ७ बार दाबही पुरतो.

हे यंत्र मुळात घरासाठी नव्हते. जर्मनीतील अल्फ्रेड केर्शर यांनी १९५० मध्ये गरम पाण्याचे उच्च दाबाचे धुलाईयंत्र बनवले. घरी वापरता येईल असे लहान यंत्र त्यांच्या कंपनीने बाजारात आणले ते १९८४ मध्ये. कारखान्यात ते चालवणाऱ्याच्या पायांत गमबूट आणि डोळ्यांवर चष्मा असे. घरी आले ते केवळ यंत्र. बूट आणि चष्मा दुकानातच राहिले.

टाचणीच्या टोकाएवढी जखम

उच्च दाबाची धार कातडीला टाचणीएवढे छिद्र पाडून आत शिरते आणि तेथे स्नायूंच्या व स्नायुबंधांच्या फटींमधून दूरवर पसरते. सोबत माती, साबण, गाडीचे वंगण आणि असंख्य जिवाणूही आत जातात. छिद्र लगेच मिटते, म्हणून रक्त येत नाही. सुरुवातीला वेदनाही थोडीच असते. काही तासांनी आतून सूज वाढते, रक्तवाहिन्यांवर दाब पडतो आणि बोट किंवा पाऊल धोक्यात येते. अशी इजा बहुधा ज्या हाताने आपण काम करत नाही त्या हाताच्या बोटांना होते. कारण एका हाताने खटका दाबलेला असतो आणि दुसऱ्या हाताने माणूस नोझलवरचा कचरा काढायला जातो. चपलेवरचा चिखल फवाऱ्याने काढण्याची सवय तर आपल्याकडे सर्रास दिसते.

धार कातडीला लागून ठिपका जरी उमटला, तरी पुढील गोष्टी कराव्यात :

• जखम वाहत्या स्वच्छ पाण्याने धुवावी. ती दाबून पिळू नये, चोळू नये, घट्ट बांधू नये. वरून स्वच्छ कापड सैल गुंडाळावे.
• हातातील अंगठी, बांगडी, पायातील जोडवे ताबडतोब काढावे. सूज आल्यावर ते निघत नाही.
• हात किंवा पाय उंचावर ठेवून त्याच तासात रुग्णालय गाठावे. वाहन नसल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी.
• शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता असते, म्हणून डॉक्टर सांगेपर्यंत खायला-प्यायला देऊ नये. रुग्ण मधुमेही असल्यास शेवटचे जेवण केव्हा झाले आणि इन्सुलिन किंवा गोळी केव्हा घेतली, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.
• “पाणी लागले” एवढे सांगून भागत नाही. “उच्च दाबाच्या फवाऱ्याची धार कातडीत शिरली आहे” असेच शब्द वापरावेत. साबण वा रसायन असल्यास त्याची बाटली सोबत न्यावी. धनुर्वाताच्या लशीची आठवणही करून द्यावी.

डोळ्यात धार किंवा खडा उडाल्यास डोळा चोळू नये. स्वच्छ पाण्याने हळुवार धुऊन त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावा.

कोणी धार हाती घेऊ नये

मधुमेह जुना असला की पायांची संवेदना मंदावते. नानांना दुखले नाही ते जखम लहान होती एवढ्यामुळेच नव्हे. पायाने खबर देणे बहुधा कमी केले होते, हेही कारण असावे. ज्यांच्या तळपायांना मुंग्या येतात, चप्पल निसटलेली कळत नाही, त्यांनी यंत्र चालू असताना त्याच्या जवळपासही अनवाणी किंवा चपलेवर उभे राहू नये.

रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना लहान जखमेतूनही आत रक्तस्राव होऊ शकतो. ओल्या फरशीवर घसरून डोक्याला मार लागला, तर वरून काही दिसत नसले तरी त्यांना रुग्णालयात नेलेच पाहिजे. या गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत.

रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना चाके धुण्यासाठी वाकून एकदम उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते. त्यांनी खालचा भाग दुसऱ्याकडे सोपवावा. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झालेल्यांनी, छातीची शस्त्रक्रिया होऊन काही महिनेच लोटलेल्यांनी, हाताला कंप असलेल्यांनी आणि पकड सैल झालेल्यांनी यंत्र हाती घेऊ नये. खटका दाबताच नळी मागे झटका देते आणि तो खांद्यावर व मनगटावर येतो. विस्मरणाचा आजार असलेली व्यक्ती घरात असेल, तर यंत्र कुलपात ठेवावे. लहान मुलांसाठीही हाच नियम लागू आहे.

दमा किंवा जुना खोकला असलेल्यांसाठी आणखी एक गोष्ट. उन्हात पडलेल्या नळीत साचून राहिलेल्या कोमट पाण्यात लेजिओनेला नावाचे जिवाणू वाढू शकतात आणि तुषारांवाटे ते श्वासात गेल्यास न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून यंत्र बरेच दिवस पडून असल्यास आधी नळीतले जुने पाणी नळाच्या साध्या दाबाने, तोंडापासून दूर, वाहून जाऊ द्यावे.

यंत्र खरोखर हवे का?

खरेदीपूर्वी हा प्रश्न स्वतःला विचारावा. गावातल्या गावात फिरणारी गाडी दोन बादल्या, मऊ स्पंज आणि सुती कापड यांनी उत्तम निघते. त्याला ४० ते ६० लिटर पाणी लागते. उघड्या नळीतून मिनिटाला १५ ते २० लिटर पाणी वाहते. पाव तासात २५० लिटर सहज जातात. प्रेशर वॉशर मिनिटाला ६-७ लिटर घेतो, म्हणजे दहा मिनिटांत ६० ते ७० लिटर. संगमनेरच्या पठार भागात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावांना या आकड्यांचा अर्थ वेगळा सांगायला नको. नळीच्या तुलनेत यंत्र पाणी वाचवते, हे खरे; बादलीच्या तुलनेत मात्र नाही. पावसाळ्यातील चिखल, मडगार्डच्या आतला भाग, ट्रॅक्टरची चाके यांसाठी यंत्राचा उपयोग मोठा आहे. रोजच्या धुळीसाठी त्याची गरज नाही.

घ्यायचेच ठरले, तर पुढील गोष्टी पाहाव्यात. मोटारीसाठी ८० ते १०० बारचा चालू दाब पुरेसा असतो. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा बहुधा कमाल दाबाचा असतो. चालू दाब त्याहून कमी असतो, तो वेगळा विचारावा. अधिक दाब म्हणजे अधिक स्वच्छता असे नव्हे; रंग उडतो आणि धोका वाढतो. खटका सोडताच मोटर आपोआप थांबणारे आणि खटक्याला कुलूप असणारे यंत्र घ्यावे. आपल्याकडे नळाचा दाब कमी असतो, म्हणून पिंपातून किंवा बादलीतून स्वतः पाणी ओढून घेणारे यंत्र सोयीचे. पाणी आत जाते तेथे जाळी हवीच. बोअरच्या पाण्यातील बारीक रेती पंपाचा घात करते. घरगुती यंत्रांचे वजन बहुधा ६ ते १० किलो असते. म्हणून चाके असलेले घ्यावे आणि विकत घेण्यापूर्वी ज्येष्ठांनी ते स्वतः ओढून, बंदूक हातात धरून पाहावी. दुरुस्तीची सोय संगमनेरात आहे की त्यासाठी नाशिकला किंवा पुण्याला जावे लागेल, हेही आधीच विचारावे.

बॅटरीवर चालणारी हलकी यंत्रे साधारण २० ते ३० बार दाब देतात. स्कूटर धुण्यास ती पुरतात, विजेच्या तारेत पाय अडकण्याची भीती नाही आणि खांद्यावर ताणही कमी येतो. परंतु कातडी भेदण्याइतका दाब त्यांच्यातही असतो, हे विसरू नये.

वीज आणि ओली फरशी

घरगुती यंत्र १४०० ते १८०० वॅट वीज घेते. त्याला तीन पिनांचे, अर्थिंग असलेले १६ अँपिअरचे सॉकेट हवे. पंख्याच्या किंवा मोबाइलच्या लहान सॉकेटवर ते चालवू नये. त्या जोडणीवर ३० मिलीअँपिअरला वीज तोडणारे आरसीसीबी बसवलेले असावे. ओल्या अंगणात ते जीव वाचवते. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे आणि आरसीसीबीवरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर ठेवून त्यावर यंत्र लावणे हा सर्वांत मोठा धोका आहे. मध्येच वीज गेली तर यंत्राचे बटण आधी बंद करावे, नाहीतर वीज परत येताच यंत्र बेसावध माणसाच्या हाती सुरू होते.

पेट्रोलवर चालणारी यंत्रे बंद गॅरेजमध्ये कधीही चालवू नयेत. त्यांच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड या वायूला वास नसतो आणि तो माणसाला कळण्यापूर्वीच बेशुद्ध करतो.

साबणाच्या पाण्याने गुळगुळीत फरशी निसरडी होते. म्हातारपणी खुब्याचे हाड मोडणे म्हणजे काय, हे सांगण्याची गरज नाही. गाडी शक्यतो खडबडीत कोब्यावर किंवा खडीवर उभी करावी, पाण्याला उतार असावा, आणि नळी माणसाच्या मागे न लोळता एका बाजूला असावी.

धुण्याची रीत

पायात रबरी गमबूट, डोळ्यांवर बंदिस्त चष्मा, अंगात पूर्ण विजार. कानातले श्रवणयंत्र काढून ठेवावे. मग हाक ऐकू येणार नाही, म्हणून दुसरी व्यक्ती समोर दिसेल अशी उभी असावी. यंत्र बंद करण्याचे बटण कोठे आहे, हे तिला ठाऊक हवे.

यंत्रासोबत वेगवेगळ्या कोनांचे नोझल मिळतात. बहुतेक ठिकाणी लाल रंगाचे नोझल शून्य अंशाचे, म्हणजे सुईसारख्या सरळ धारेचे असते. ते घरात ठेवूच नये. गाडीसाठी हिरवे २५ अंशांचे किंवा पांढरे ४० अंशांचे वापरावे. काळे साबणासाठी असते. रंग वेगळे असतील तर नोझलवरील आकडा वाचावा. गाडीपासून निदान एक फूट अंतर राखावे, टायरच्या कडेला तर हटकून; जवळून लागलेल्या धारेने टायर आतून कमकुवत होऊ शकतो. इंजिन, दिव्यांच्या फटी, दुचाकीची साखळी आणि हँडलवरील बटणे यांवर धार मारू नये. विजेवर चालणाऱ्या स्कूटरची बॅटरी, मोटर आणि चार्जिंगची जागा तर ओल्या कापडानेच पुसावी. धुऊन झाल्यावर गाडी हळू चालवून ब्रेक दोन-तीनदा दाबून पाहावेत, कारण ओले ब्रेक उशिरा लागतात.

फरशी धुण्याचे अॅसिड चाकांवर वापरू नये आणि ते ब्लीचिंगच्या द्रावणाशी कधीही मिसळू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो.

काम संपल्यावर आधी यंत्र बंद करावे, मग नळ बंद करावा आणि त्यानंतर खटका दाबून नळीत अडकलेला दाब सोडून द्यावा. हे केल्याशिवाय नोझलला हात लावायचा नाही. यंत्र बंद असले तरी नळीतला दाब तसाच असतो.

आजारी माणसाची चाकांची खुर्ची, वॉकर किंवा कमोड खुर्ची याच फवाऱ्याने धुण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळावा. धारेने चाकांच्या बेअरिंगमधील वंगण निघून जाते, सांध्यांत पाणी साचून गंज चढतो, आणि पुढे एखाद्या दिवशी माणूस बसलेला असतानाच खुर्ची दगा देते. साबणाचे कोमट पाणी आणि कापड हेच तेथे योग्य.

फवारणीचा पंप म्हणजे वॉशर नव्हे

संगमनेर तालुक्यात डाळिंब आणि टोमॅटो पिकवणाऱ्या घरांमध्ये आणखी एक प्रघात आहे. पिकावर औषध मारण्याचा एचटीपी पंप ट्रॅक्टर, मोटारसायकल, गोठा आणि गाईगुरे धुण्यासाठीही वापरला जातो. त्याचा दाब घरगुती वॉशरपेक्षा कमी असला, तरी कातडी भेदण्याइतका असतोच. त्याहून मोठी भीती नळीत आणि पंपात राहिलेल्या कीटकनाशकाची आहे. बंद अंगणात उडालेले तुषार श्वासात जातात, कातडीवर बसतात, ओसरीवर बसलेल्या आजीपर्यंतही पोचतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. तेथे मात्रा फार मोठी होती हे खरे. पण विष शरीरात शिरण्याची वाट हीच होती. शक्य असेल तर धुण्याची नळी आणि बंदूक वेगळी ठेवावी आणि पंप शेतातच तीन वेळा स्वच्छ पाण्याने खंगाळून मग घरी आणावा. ते पाणी विहिरीत वा ओढ्यात जाऊ देऊ नये. धुताना कोणाला अचानक दरदरून घाम, तोंडाला लाळ, अंधुक दिसणे किंवा धाप लागणे असे झाले, तर कपडे बदलून, अंग साबणाने धुऊन, औषधाच्या डब्यासह रुग्णालयात न्यावे.

पत्राचे उत्तर

आता त्या भगिनींच्या प्रश्नाकडे वळू. यंत्र विकल्याने प्रश्न अर्धाच सुटेल. नानांसाठी रविवारची ती गाडी म्हणजे केवळ गाडी नाही. ज्या वयात एकेक काम हातून काढून घेतले जाते, त्या वयात ‘हे माझे’ म्हणावे असे एक काम त्यांच्याकडे उरले आहे. ते सरसकट बंद केले तर ते एक तर चोरून करतील, नाहीतर अंगणात येणेच सोडतील. दोन्हींत नुकसान आहे.

माझा सल्ला असा. जखम पूर्ण भरून डॉक्टर परवानगी देईपर्यंत यंत्र कपाटात राहू द्या. त्यानंतर कामाची वाटणी करा. धार धरण्याचे काम घरातील तरुण माणसाकडे द्या. बूट आणि चष्मा घालूनच. फवारा बंद होऊन फरशीवरचे पाणी निथळले, की स्पंज, साबण, काचा आणि शेवटची पुसणी नानांकडे. त्यांना उंच, न घसरणारे स्टूल द्या आणि पायात बंद, रबरी तळाचे बूट. काम झाल्यावर त्यांच्या तळपायांवर नजर टाका. ती तर मधुमेही माणसाच्या घरात रोजच टाकायला हवी. गाडी नीट धुतली गेली की नाही, हे ठरवण्याचा अधिकार मात्र पूर्वीसारखाच नानांचा असू द्या. दिरांनाही एक काम सांगा : पुढच्या खेपेला येताना गमबुटांचे दोन जोड आणि चष्मा घेऊन या.

यंत्राच्या खोक्यावर आतून एक कागद चिकटवा आणि त्यावर मोठ्या अक्षरांत लिहा : “धार लागली तर ठिपका लहान असला तरी लगेच रुग्णालय. १०८.” खंडेनवमीला गाडीशेजारी हे यंत्रही पूजेला मांडाल, तेव्हा तो कागद घरातील प्रत्येकाला एकदा वाचून दाखवा.